प्रोग्रामचे शून्य

आज २३ ऑगस्ट, राष्ट्रीय अंतराळ दिन. २०२३ मध्ये याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरला. त्या क्षणाची छायाचित्रे सकाळपासून सगळीकडे दिसत आहेत आणि ती पाहताना आजही ऊर भरून येतो. मला मात्र या दिवशी त्या क्षणाच्या आधीची चार वर्षे आठवतात. नेमके सांगायचे तर चार वर्षांना पंधरा दिवस कमी. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा लँडर उतरता उतरता चंद्रावर आदळला होता. या दोन तारखांच्या मधल्या काळात जे काम झाले, त्याची छायाचित्रे निघत नाहीत.

जुलै २०२३ मध्ये इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी त्या अपयशाची कारणे जाहीरपणे सांगितली होती. लँडरच्या पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा अधिक पडला आणि लहान लहान चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी यानाला वेगाने वळावे लागले, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली होती. त्यातच उतरण्याची जागा अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. यानंतर चांद्रयान-३ मध्ये ‘काय काय बिघडू शकते’ हा प्रश्न आधी विचारून रचना केली गेली. उतरण्याचे क्षेत्र ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर झाले, इंजिने पाचाची चार झाली, पाय अधिक मजबूत झाले आणि चाचण्या कित्येक पटींनी वाढल्या.

पण हे सारे कळले कसे? यान तर परत मिळणार नव्हते. हाती होती ती संपर्क तुटेपर्यंत पृथ्वीवर पोहोचलेली मोजमापे. यानाने काय करायला हवे होते हे रचना करणाऱ्यांना ठाऊक होतेच. त्याने प्रत्यक्षात काय केले हे त्या मोजमापांनी सांगितले. या दोहोंतले अंतर दाखवणारे साधन हाताशी असणे म्हणजे काय, हे मला पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी कळले, आणि तेही बरीच नामुष्की पत्करून. आज त्या छोट्याशा, कुठल्याच बातमीत न आलेल्या अपयशाविषयी लिहायचे आहे.

माझा विषय होता सदोष चुंबक. संगणकात ६४ बाय ६४ घरांची एक चौकटींची जाळी कल्पावी. प्रत्येक घरात एक बाण. तो वर तरी असेल किंवा खाली. काही घरे मुद्दाम रिकामी ठेवलेली. प्रत्येक बाण आपल्या चार शेजाऱ्यांकडे पाहतो आणि शक्यतो त्यांच्यासारखे व्हायचा प्रयत्न करतो; तापमान त्याला मधूनच उलटे पाडते. जाळीला कडा नसाव्यात म्हणून उजवी कड डावीला आणि वरची खालच्या कडेला जोडलेली असते. म्हणजे पहिल्या घराचा डावा शेजारी त्याच ओळीतले शेवटचे घर.

सर्व बाण वर करून सुरुवात करायची, तापमान पुरेसे चढे ठेवायचे आणि चुंबकत्व कसे ओसरते ते पाहायचे. ते शून्याला जायला हवे. माझ्या आकडेमोडीत मात्र ते खाली येता येता एका लहानशा धन आकड्यावर रेंगाळायचे. शून्य व्हायचेच नाही.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला असे काही दिसले की त्याची झोप उडते. त्यातून माझ्याकडे त्याचे स्पष्टीकरणही तयार होते. रॉबर्ट ग्रिफिथ्स यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते की अशा सदोष चुंबकांत, जिथे योगायोगाने रिकामी घरे कमी आहेत अशा दुर्मीळ बेटांमुळे, संक्रमणाच्या तापमानावरही वेगळी वर्तणूक संभवते. अशी बेटे आपले चुंबकत्व फार सावकाश सोडतात. मला वाटले, माझ्या जाळीत तीच बेटे दिसत आहेत. जाळीचा आकार दुप्पट केला तेव्हा उरलेले चुंबकत्व निम्मे झाले. मी त्याला ‘मर्यादित आकाराचा परिणाम’ असे नाव दिले आणि पुढे गेले. एका परिषदेसाठी गोषवारा पाठवला. तो स्वीकारलाही गेला. व्याख्यानाला वीस मिनिटे मिळणार होती.

मग एके दिवशी, तापमान नीट वाचले जाते आहे ना एवढेच पाहावे म्हणून, जाळी तयार होण्याच्या आधी तापमान आणि आकार पडद्यावर छापणारी एक ओळ मी प्रोग्राममध्ये घातली. उरलेले चुंबकत्व नाहीसे झाले. ती ओळ काढली. ते परत आले. पुन्हा घातली; पुन्हा गायब.

छापण्याच्या आज्ञेचा चुंबकाशी काय संबंध? प्रोग्रामर मंडळी अशा दोषाला ‘हायझेनबग’ म्हणतात: पाहायला गेले की जो लपतो तो. त्या वेळी मला हा शब्दही माहीत नव्हता. सहा आठवडे मी छापत राहिले. इथे एक आकडा, तिथे एक आकडा. हजारो ओळी पडद्यावरून वाहत जात आणि मी त्यांत काहीतरी दिसेल या आशेने बसून राही. यादृच्छिक संख्यांचा जनक बदलला. कंपायलर बदलला. दुसऱ्या संगणकावर चालवून पाहिले. तिथे वेगळाच आकडा आला. परिषदेची तारीख जवळ येत होती आणि माझ्या मार्गदर्शकांना मी दर आठवड्याला ‘थोडी तपासणी बाकी आहे’ असे सांगत होते.

आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत माझी एक मैत्रीण अतिशय क्षीण विद्युत संकेत मोजत असे. तिच्याकडे चहाला गेले असता मी ही कहाणी सांगितली. ती त्या वेळी आपल्या उपकरणाचे प्रवेशटोक तारेने जमिनीशी जोडून बसली होती. नमुना लावण्यापूर्वी ती दररोज हे करत असे: काहीच मोजायला दिले नाही तर यंत्र शून्य दाखवते का? दाखवत नसेल तर त्या दिवशी मोजमाप नाही, आधी दोषाचा शोध. माझे सारे ऐकून घेऊन तिने विचारले, “तू तुझ्या प्रोग्रामचं शून्य कधी पाहिलंस का गं?”

मी म्हटले, “म्हणजे?”

“म्हणजे माझ्याकडे मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप आहे. तुझ्याकडे काय आहे? तू नुसती विचार करत बसतेस?”

मला राग आला. राग यायचे कारण असे की तिचे म्हणणे खरे होते. व्हॅलग्रिंड आणि जीडीबी ही नावे मी ऐकलेली होती. संस्थेच्या संगणकांवर ती साधने बसवलेलीही होती. पण माझी पक्की समजूत होती की ती मोठमोठी व्यावसायिक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी असतात. माझा प्रोग्राम जेमतेम चारशे ओळींचा. तो मी लिहिलेला. त्यातली ओळन् ओळ मला पाठ होती.

त्याच रात्री मी प्रोग्राम डिबगची माहिती जोडून पुन्हा कंपाइल केला आणि व्हॅलग्रिंडखाली चालवला. व्हॅलग्रिंड आपल्या प्रोग्रामला एका कृत्रिम प्रोसेसरवर चालवतो आणि स्मृतीतल्या प्रत्येक वाचनावर व लेखनावर नजर ठेवतो. त्यामुळे वेग दहा ते पन्नास पटींनी मंदावतो. एरवी मिनिटभरात संपणारी चाचणी अर्धा तास चालली. पहिला संदेश मात्र काही सेकंदांतच आला. अमुक फाइलमधल्या अमुक ओळीत ४ बाइटचे अवैध वाचन. वाचलेला पत्ता १६,३८४ बाइटच्या ब्लॉकच्या ४ बाइट आधीचा आहे.

६४ गुणिले ६४ गुणिले ४ म्हणजे १६,३८४. हीच माझी जाळी. आणि तिच्या चार बाइट आधी, म्हणजे जाळीच्या पहिल्या घराच्याही एक घर अलीकडे, जिथे जाळी नाहीच तिथे, माझा प्रोग्राम शेजारी शोधत होता.

चूक कुठे होती ते त्या ओळीवर नजर पडताच कळले. डावा शेजारी काढताना मी स्थानातून एक वजा करून ६४ ने भागल्यावरची बाकी घेत होते. पहिल्या घराचे स्थान शून्य. त्यातून एक गेला की उणे एक. प्रोग्रामचा पहिला आराखडा मी पायथनमध्ये केला होता आणि पायथनमध्ये उणे एकला ६४ ने भागल्यावरची बाकी ६३ येते, म्हणजे ओळीतले शेवटचे घर. अगदी हवे तसे. वेगासाठी मी तेच सूत्र जसेच्या तसे सी भाषेत उतरवले. सी भाषेत ती बाकी उणे एकच राहते. आडव्या दिशेने याचा फारसा उपद्रव नव्हता, कारण उणे एकावर बहुतेक ओळींत आधीच्या ओळीचे शेवटचे घर सापडत होते आणि जाळी एखाद्या मळसूत्रासारखी जोडली जात होती. पण सर्वांत वरच्या ओळीचा ‘वरचा’ शेजारी जाळीच्या बाहेर, स्मृतीत तिच्या लगत आधी जे काही असेल त्यात वाचला जात होता.

तिथे काय होते? प्रत्येक ओळीत किती बाण उलटले याची मोजदाद ठेवणारे माझेच ६४ आकडे. ते आधी शून्य, मग दहा, शंभर, हजार असे वाढत जाणारे आणि नेहमी धन. एक किंवा उणे एक एवढीच किंमत असायला हवी तिथे हजारांचे आकडे आल्यावर वरच्या ओळीतले बाण जणू खिळे ठोकून वर धरले गेले होते. ग्रिफिथ्स यांची दुर्मीळ बेटे म्हणून मी ज्याचे स्वागत केले ती ही खिळलेली ओळ होती. आकार दुप्पट केल्यावर परिणाम निम्मा का झाला, तेही आता स्पष्ट होते: एका ओळीचा वाटा जाळीच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणातच असणार. दोष कडेशी आहे असे आकडे मला सांगत होते आणि मी त्याला एक प्रतिष्ठित नाव देऊन गप्प केले होते.

आणि छापण्याची ती ओळ? पडद्यावर काही छापायचे तर संगणक आधी स्मृतीत थोडी जागा राखतो. ती जागा नेमकी मोजदाद आणि जाळी यांच्या मधोमध आली. तिचा मागचा भाग रिकामा, म्हणजे शून्यांनी भरलेला. शून्य शेजारी कुणालाच कुठे ओढत नाही. खिळे निघून गेले. छापल्यामुळे चूक सुटली नव्हती, फक्त तिचा पत्ता बदलला होता. जे साधन मी चूक पाहण्यासाठी वापरत होते तेच चूक लपवत होते.

दुसऱ्या दिवशी मी मार्गदर्शकांपुढे तो संदेश ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “आपल्याला सापडलं हे बरं झालं. दुसऱ्या कुणाला सापडलं असतं तर?” गोषवारा मागे घेण्याचे पत्र त्यांनी मलाच लिहायला सांगितले. चार ओळींचे ते पत्र लिहायला मला संपूर्ण दुपार लागली. बाकी काढण्याआधी ६४ मिळवण्याच्या एका छोट्या दुरुस्तीने चुंबकत्व शून्याला गेले. माझ्या प्रबंधातले एक आख्खे प्रकरणही त्याच्याबरोबर गेले.

‘दुसऱ्या कुणाला’ हा प्रश्न काल्पनिक नाही. प्रथिनांची रचना शोधणारे अमेरिकेतील संशोधक जेफ्री चँग यांच्या गटावर २००६ मध्ये ही वेळ आली. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रोग्रामने विदेच्या दोन स्तंभांची अदलाबदल केली होती. त्यामुळे चिन्ह उलटले आणि रचना उलटी निघाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने त्याच कुळातल्या एका प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली, ती जुळेना, तेव्हा चूक लक्षात आली. पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले. चँग यांनी चूक उघडपणे मान्य केली, ही त्यातली शिकण्यासारखी बाब.

या उदाहरणातून साधनांची मर्यादाही कळते. स्तंभांची अदलाबदल व्हॅलग्रिंडला कधीच दिसली नसती. त्याच्या दृष्टीने ते वाचन पूर्णपणे वैध आहे. डिबगर तुमचे भौतिकशास्त्र तपासत नाही. त्यासाठी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा प्रश्नावर प्रोग्राम चालवून पाहावा लागतो. माझ्या विषयात तशी सोय आहे. एकही घर रिकामे नसलेल्या द्विमितीय जाळीचे अचूक गणित लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये सोडवले आणि तिचे संक्रमण तापमान, योग्य एककांत, सुमारे २.२६९ आहे. त्याहून खूप चढ्या तापमानाला माझा प्रोग्राम मी एकदा जरी चालवला असता, तरी तिथेही शून्य न होणारे चुंबकत्व दिसले असते. आणि तिथे बेटांची सबब चालली नसती. मैत्रीण ज्याला शून्य म्हणत होती ते हेच.

साधने बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक मोफत आहेत. जीडीबी हा डिबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. त्यात प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो, त्या क्षणीचे सारे चल पाहता येतात, आणि एखाद्या चलाची किंमत बदलताक्षणी प्रोग्राम थांबावा असा पहाराही बसवता येतो. पायथनमध्ये त्याच धर्तीचा डिबगर भाषेसोबतच मिळतो. ज्युलियन सेवर्ड यांचा व्हॅलग्रिंड २००२ पासून उपलब्ध आहे. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर तर कंपायलरमध्येच असतो; एक पर्याय लिहायचा की झाले, आणि प्रोग्राम साधारण दुपटीनेच मंदावतो. फोर्ट्रान वापरणाऱ्यांना अ‍ॅरेच्या सीमा तपासण्याचा कंपायलरचा पर्याय आहे. ‘मागच्या महिन्यात बरोबर चालत होता, आता का चालत नाही’ या प्रश्नासाठी गिट बायसेक्ट आहे: ते दरवेळी बदलांचे दोन भाग करून दोषी अर्धा निवडते, त्यामुळे हजार बदलांतला नेमका बदल सुमारे दहा चाचण्यांत हाती लागतो.

तरीही आपण ही साधने वापरत नाही. विद्यार्थ्यांना विचारते तेव्हा तीन उत्तरे मिळतात. पहिले, अभ्यासक्रमात नव्हते. हे खरे आहे. आपण भाषा शिकवतो, त्या भाषेतली चूक कशी शोधायची ते शिकवत नाही. दुसरे, वेळ नाही. यावर माझे सहा आठवडे आणि ते काही सेकंद हेच उत्तर. तिसरे कुणी स्पष्ट बोलत नाही, पण मी ते स्वतःवरून ओळखते: साधनाची गरज पडणे म्हणजे आपल्याला प्रोग्राम लिहिता येत नाही अशी कबुली वाटते. प्रयोगशाळेत मल्टिमीटर हातात घेणाऱ्याला कुणी कच्चा म्हणत नाही. उलट तो न घेणाऱ्याच्या मोजमापावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मी माझा प्रोग्राम वाचत होते तेव्हा खरे तर मी तो वाचतच नव्हते. मला काय लिहायचे होते तेच दरवेळी वाचत होते. शेकडो वेळा वाचूनही ती ओळ मला बरोबरच दिसली, कारण माझ्या मनात ती पायथनची ओळ होती. व्हॅलग्रिंडला माझ्या मनातले ठाऊक नव्हते. त्याने संगणक काय करतो आहे तेवढेच पाहिले. माझ्या मते साधन वापरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे: आपल्या हेतूंशी त्याला काही देणेघेणे नसते.

हा केवळ एका विद्यार्थिनीच्या वेळेचा प्रश्न नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मोहिमेतून ‘परम रुद्र’ हे तीन महासंगणक पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे कार्यान्वित झाले. देशाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अशा यंत्रांवर आपण तासांच्या हिशेबाने काम मागून घेतो. चुकीचा शेजारी वाचणारा प्रोग्राम तिथे हजार प्रोसेसरांवर चालवला तर चुकीचे उत्तर हजारपट वेगाने मिळते, आणि दशांश चिन्हापुढचे अंक वाढल्यामुळे ते अधिक विश्वसनीय दिसते, इतकेच.

आता माझ्या गटात एक नियम आहे. नवा प्रोग्राम महासंगणकावर जाण्यापूर्वी एका छोट्या जाळीवर सॅनिटायझरखाली चालतो, मग ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा एक प्रश्न सोडवतो, आणि या दोन्हींच्या नोंदी आलेखांसोबत माझ्याकडे येतात. सुरुवातीला विद्यार्थी कुरकुरतात. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने नोंदी आणून दिल्या तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या आवडत्या आलेखातला उंचवटा एका अ‍ॅरेबाहेरच्या वाचनातून आलेला निघाला. मी त्याला माझे ते चार ओळींचे पत्र दाखवले. मग आम्ही दोघे चहाला गेलो.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि इथवर वाचले असेल, तर एक विनंती. या आठवड्यात तुमचा एखादा प्रोग्राम यांपैकी कुठल्याही एका साधनाखाली चालवून पाहा. बिघडलेला नको, व्यवस्थित चालतो आहे असा निवडा; ज्याचा आलेख तुम्ही सर्वांना दाखवून झाला आहात असा. माझाही व्यवस्थितच चालत होता.